मोकळे हात

नर्सिंग संपवून तिसगावला माझी पहिली नेमणूक झाली, तीही तात्पुरती. बाळंतपणाला कुणी बोलावलंच नाही तर नोकरी टिकणार कशी, हीच धास्ती होती. अखेर एक बोलावणं आलं. गेले, तर पोटुशीची सासू दारात आडवी.

"पांढरं नेसून, मोकळ्या हातानं आत जाऊ नगं बाई. अपशकुन हुतो."

माझं तर लग्नही झालेलं नव्हतं! संतापले, पण आतून सून कण्हत होती. सासूने दिलेल्या हिरव्या बांगड्या मुकाट्याने घातल्या, आत गेले आणि हात धुताना आधी त्याच उतरवल्या.

बाळ सुखरूप जन्मलं, रडलं. सासू मात्र माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे. उद्या गावभर ही काय सांगणार?