आडवी लागण

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळते. सत्तरी उलटली, आता हे लिहायला लाजण्याचं वय राहिलेलं नाही.

आम्ही दोघी मुरगूडकडच्या. मी चौथी पास झाले, ती तिसरीतनंच घरी बसली. मला कोल्हापूरला लागून असलेल्या गावात दिली. घरी ऊस, म्हशी, पाण्याची विहीर. तिला घाट उतरून खाली, खाडीकाठच्या गावात दिली. आई रडली ती तिच्यासाठी. "पोरीला खाऱ्या पाण्यात टाकली," म्हणायची. मीही रडले, पण आतून बरं वाटत होतं. चांगलं घर मला मिळालं होतं. पुढं पन्नास वर्षं मी तिला गूळ, शेंगदाणे, नेसून झालेली लुगडी पाठवत आले. देणारी मी होते. त्यात फार सुख असतं.

ते सुख एका दुपारी गेलं. सुनेनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "आत्ती, ही मावशीच नव्हं?"

तीच होती. गुडघाभर चिखलात उभी. भोवती शर्टपँटवाले साहेब आणि कॉलेजच्या मुली. ही बोलत होती आणि ते वहीत लिहून घेत होते.

त्यांच्या खाडीकाठी पूर्वी कांदळाचं दाट रान होतं. खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं ती. सरपणाला तोडून तोडून ते रान संपवलं. मग खेकडे गेले, मासे गेले, बांध फुटून खारं पाणी भातात शिरू लागलं. एकदा कुठलीशी माणसं आली, गावाला न विचारता रोपं लावून गेली. पहिल्याच उधाणात सगळी वाहून गेली. नंतर दुसरे एक साहेब आले. ते आधी बायकांना विचारत बसले. माझी बहीण तेवढी बोलली. म्हणाली, मागच्या वेळी लावलं तिथं वाळू आहे, तिथं माझ्या सासूच्या काळातही झाड नव्हतं, पलीकडच्या वळणावर लावा. तिथं लावलेलं जगलं. तेव्हापासून गावच ठरवतं, कुठल्या अंगाला कुऱ्हाड न्यायची नाही. बारका खेकडा जाळ्यात आला तर परत पाण्यात सोडायचा. आणि लावणीच्या दिवशी शब्द माझ्या बहिणीचा.

"मावशी लई हुशार हाय की," सून म्हणाली.

"तिला सातचा पाढा येत न्हवता," मी म्हटलं.

गणपती झाल्यावर तिचा फोन आला. "अक्का, कांदळाची लावणी हाय, ये की." मी गगनबावड्याचा घाट उतरून गेले. मदत करायला गेले असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे लागण, आमच्याकडं लावणीला लागणच म्हणतात, कुणाला येते ते दाखवायला गेले.

ओहोटी लागली तशा पंचवीसेक बायका चिखलात उतरल्या. प्रत्येकीला एक ओळ आणि टोपलीभर कांदळाच्या शेंगा. हिरव्या, वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड. बहीण मला समजावून सांगायला आली.

"मला शिकवू नगंस," मी म्हटलं. "तू फ्रॉकात हुतीस तवापास्नं लागण करतोय मी."

ती हसली आणि पुढं गेली. मी कडेची ओळ धरली. आमच्याकडं उसाची ओली लागण करतात तेव्हा कांडी सरीत आडवी टाकायची, कोंब फुटतो तो डोळा बाजूला ठेवायचा आणि पायानं दाबत पुढं सरकायचं. शेंग मला हुबेहूब कांडीसारखी वाटली. टाकली आडवी, दाबली. पुढची टाकली, दाबली. सगळ्यांच्या आधी माझी टोपली रिकामी. जेवताना मी ऐकवलंच, "घाटावरच्या बायकांचा हात असा चालतोय."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बघायला गेलो. बाकीच्या ओळी काठ्या रोवल्यासारख्या उभ्या होत्या. माझी ओळ कोरी. भरतीनं सगळ्या शेंगा उचलून वर काठाला, प्लास्टिकच्या बाटल्यांत नेऊन टाकल्या होत्या.

"ही वळ कोणी लायल्यान गो?" एकीनं विचारलं.

बहिणीनं माझ्याकडं बघितलंही नाही. "माझीच ती," म्हणाली. "काल घाईत चुकलं कायतरी."

कुणालाच ते पटलं नाही. काल ओळी वाटताना सगळ्या तिथंच होत्या. पण तिचा मान म्हणून एकही बाई बोलली नाही. जुनी लुगडी देताना मला जे सुख व्हायचं, ते मी तिच्या तोंडावर शोधलं. असतं, तर मी गप्प बसून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या असत्या. नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

"खोटं बोलू नगंस," मी मोठ्यानं म्हटलं. "ती वळ माझी हाय. उसागत आडवी घातली मी."

असा हशा झाला की एक म्हातारी चिखलात बसलीच. "आता कांदळाक गूळ लागतलो!" ती म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं.

मी काठावरच्या शेंगा पदरात गोळा केल्या. बहीण जवळ आली. "टोकाची बाजू खाली, अक्का. उभी खुपसायची, तिसरा हिस्सा आत. मग भरती हलवती, पर उपटत न्हाय."

मी खुपसली, ती वाकडी गेली. सरळ करायला तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. ते मी बघितलं. पाणी घोट्याला लागेपर्यंत मी ती ओळ एकटीनं पुरी केली. कंबर आठ दिवस धरली होती.

आता ती फोन करते. मी आधी म्हशीचं सांगते, उसाचं सांगते, आणि फोन ठेवायच्या वेळी विचारते, "कुणाची वळ उंच झाली?"

"तुझीच की, अक्का."

माझा विश्वास नाही. खोटं बोलायची तिला सवय आहे, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. लावणीला वर्ष होत आलं, दिवाळी झाली की जाणार आहे. माझी ओळ ठेंगणी निघाली तर सगळ्या बायकांसमोर तिला खोटारडी म्हणणार. उंच निघाली तर काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.