खाटेखालचा डबा आणि माझं भाषण

मित्रहो, आज दुपारी नवागामला आप्पांकडे जाऊन आलो. रीळ मिळालं नाही.

आपण ज्याच्या मागे आहोत त्या चित्रपटाचा मूळ, दुःखाचा शेवट थिएटरमालकाने कापायला लावला होता. ऑपरेटर असलेल्या आप्पांनी तो तुकडा वीस वर्षं खाटेखाली डब्यात जपला. त्यांचा निरोप होता, "रविवारपर्यंत घेऊन जा. सून डबा ठेवू देणार नाही."

"भाऊ, रविवारी दिनभर वाट देखी. तुम्ही उनात नही," मी आलो नाही, एवढंच आप्पा म्हणाले.

सून तांदूळ निवडत होती. "भंगारवाल्याला दिला. फिल्म धुऊन चांदी काढतात म्हणे. जरीत जाईल, कुण्या नवरीच्या पदराला लागेल."

"अडाणी बाई!" मी ओरडलो.

तिने मान वर केली. "आणि शिकलेले रविवारी कुठं होते?"

रविवारी मी हॉलमध्ये जुने चित्रपट वाचवा म्हणून दीड तास गर्जत होतो. तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवत होता. आप्पांचा निरोप मी भाषणातच वाचून दाखवला होता.

मग तुमच्यातला एकही जण उठून नवागामला का गेला नाही?