खिडकीमागचे टिपणीस

वाशीच्या एका इस्पितळात मी नर्स होते, तेव्हा बिलाच्या खिडकीमागे मधुकर टिपणीस बसायचे. माणूस कमालीचा काटेकोर. कुणाच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला की डॉक्टरांचा कागद घेऊन मला खिडकीशी उभं करत. जाड सुई घालून धाग्याएवढा तुकडा घेतला, की चीर दिली? चीर कातडीखालीच थांबली, की स्नायूपर्यंत गेली? अख्खी गाठच काढली असेल तर त्याचं नावच वेगळं. दरपत्रकात प्रत्येकाला निराळा आकडा होता, आणि तो चुकला की पैसे भरणाऱ्या कारखान्याकडून कामगाराचं बिल परत यायचं. म्हणून माझं डोकं खायचा त्यांना परवानाच होता.

तुकडा बाटलीत, औषधात बुडवून खाडीपलीकडच्या लॅबला जाई. रिपोर्ट बंद पाकिटातून डॉक्टरांकडे, पण लॅबचं बिल टिपणिसांकडे. साध्या तपासणीचा एकच आकडा असे. शंका आली की लॅबवाले तुकड्याला खास रंग लावून पुन्हा बघत, त्याचा आकडा वेगळा. दोन-तीन रंग लागले की बातमी बहुधा वाईटच निघे. टिपणिसांना ती पेशंटच्या आधी कळायची आणि सांगता यायची नाही.

बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्यांचं दार वाजवणारी एकच, दिवाळे गावची गोजरा कोळीण. दर बुधवारी मासळी द्यायची आणि उंबऱ्यावर बसून भावावरून भांडायची. त्या भांडणावर ते आठवडा काढत, असं मला वाटतं.

पंच्याऐंशी साली गोजराच्या दंडात गाठ आली. खोल होती, चीर द्यावी लागली. आठ दिवसांनी ती रिपोर्टसाठी आली, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. ती खिडकीसमोरच्या बाकावर बसली. तिचं लॅबचं बिल सकाळीच आलं होतं. त्यावर तीन रंगांचे तीन आकडे होते. टिपणीस कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग ते उठले. मी पाहिलेल्या सात वर्षांत कामाच्या वेळी कधी जागा न सोडलेला हा माणूस बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला.

गोजराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, तू कंदी भायेर येत नाय," ती म्हणाली. "वंगाल हाय ना?"

तिने आपली पाटी बाजूला सरकवून त्यांना ऐसपैस जागा करून दिली.

"माज्या मागारी तुला म्हावरा कोन देल?" तिने विचारलं.