भवानीचं गिऱ्हाईक

पुण्याच्या संपादकांनी माझ्या कादंबरीतून मावशीला काढायला सांगितलं, तेव्हा मी माझ्या बर्फाच्या कारखान्यात होते. फोन घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "परत सांगा."

"ताई, तुमची निवेदक मुलगी एकटी उभी राहते, हीच खरी गोष्ट आहे. ही म्हातारी तिचं श्रेय खाते. वाचकाला स्वतःच्या बळावर वर आलेली बाई हवी असते."

स्वतःच्या बळावर! रत्नागिरीतल्या प्रत्येक सत्कारात मी हे ऐकलंय. शाल घालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी एके काळी माझ्या मासळीच्या पाटीकडे पाठ फिरवली होती, हे त्यांना आठवत नाही. मला आठवतं.

नवऱ्याने टाकल्यावर मी मासळी बाजारात बसायला लागले. बाजारात भवानीला, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीला, फार मान. भवानी झाल्याशिवाय धंदा चालत नाही, आणि भवानीचं गिऱ्हाईक कधी परत पाठवायचं नाही. पण टाकलेल्या बाईकडून सकाळची पहिली खरेदी कोण करणार? लोक माझे बांगडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. दुपारी उरलेसुरले मागायला मात्र तेच यायचे.

समोर बाजाराच्या दाराशी मावशीची जागा. नात्यातली नव्हे, सगळा बाजारच तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या तोंडाला घाबरायचा. एके सकाळी तिने आपल्या पाटीवर ओला गोणपाट टाकला आणि खानावळवाल्याला माझ्याकडे बोट दाखवलं.

"आदी हिच्याकडनं घे. तवर माझी पाटी झाकलेली."

"मावशी, सकाळी सकाळी हिच्याकडनं?"

"का रे? बांगड्याला म्हायती हाय का हिचा नवरा कुठं गेला तो?"

सगळा बाजार हसला. त्याने घेतलं. दुसऱ्या दिवशीही पाटी झाकलेली, तिसऱ्या दिवशीही. कधीकधी गिऱ्हाईक माझ्याकडूनच सगळं घेऊन निघून जायचं आणि मावशी भवानीवाचून बसायची. मी काही बोलायला गेले की खेकसायची, "तोंड मिट. भाव सांग."

भाव सांगायलाही तिनेच शिकवलं, आणि बंदरावर माल घेताना घासाघीस करायलाही. "पटला नाय तर उठायचं. उठलीस की मागं बगायचं नाय. बगलंस की मेलीस."

माझ्या कादंबरीतल्या मुलीला एवढंच मिळतं: कुणीतरी आपली पाटी झाकून धरतं. ते काढलं तर ती मुलगी पहिल्या प्रकरणातच उपाशी मरते. तिची गोष्ट सांगायला उरतं कोण?

हे मी संपादकांना सांगितलं, आणि मग घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, त्यातलं प्रेमप्रकरण काढा. समुद्राची वर्णनं काढा. नाव बदला. ते प्रत्येक गोष्टीला लगेच हो म्हणत गेले, तेव्हाच कळलं की ह्या माणसाला पुस्तक हवंय.

"आणि मावशीला एका प्रकरणापुरती ठेवू," ते म्हणाले.

"साहेब, सुरमईचे तुकडे करून देते मी. माणसाचे नाही."

"मग ताई, आम्हाला हे छापणं अवघड आहे."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. आतून जळत होते, पण उलटा फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. मग इथल्याच एका छापखान्यात मी कादंबरी छापून घेतली. मावशी अख्खी आहे त्यात, शिव्यांसकट. प्रेमप्रकरणही ठेवलं, उगाच कशाला कापायचं!

गठ्ठे आले त्या सकाळी मी ते थेट मासळी बाजारात नेले. मावशी आता धंदा करत नाही, पण दाराशी येऊन बसते. पहिली प्रत मी तिच्यासमोर धरली. तिने ती हातात घेऊन वजन बघितलं.

"काय भाव?"

"मावशी, तुझ्याकडनं मी पैसे घेऊ?"

"फुकटाची भवानी करतेस? हेच शिकवलं तुला?"

मी किंमत सांगितली. तिने निम्मी केली. मी नाही म्हटलं. पुण्याच्या माणसापुढे झुकले नाही, ती मी काय म्हणून हिच्यापुढे झुकू? तिने पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं, काठी घेतली आणि उठून चालायला लागली. मागे बघितलं नाही.

भवानीचं गिऱ्हाईक! सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघत होता. मावशी मुद्दाम हळू चालत होती.

"ये गो मावशी," मी ओरडले, "ने तुझ्या भावाने!"