जावेची लेक माझ्या छातीवर

माझ्या धाकट्या जावेला सातव्या महिन्यात झटके आले. सकाळी भाकरी थापता थापता ती चुलीपाशीच आडवी झाली. डोळे फिरले, हातपाय ताठ. गावातल्या दवाखान्याच्या आशाताईनं फोन लावून गाडी बोलावली आणि करमाडवरून आम्ही शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो. दुपारपर्यंत ऑपरेशन करून मुलगी काढली होती. जाऊ वरच्या मजल्यावर बेशुद्ध, लेक खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत. सासूबाई आणि मी जिन्यात बसलेलो.

मुलगी सव्वा किलोचीसुद्धा नव्हती. कातडीतून निळ्या शिरा दिसायच्या. तळहात माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा.

चौथ्या दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, "मुलगी आता स्वतः श्वास घेतेय. पण अंग गार पडतंय. मशीनपेक्षा तिला माणसाची ऊब जास्त लागू पडेल. आईला अजून आणता येणार नाही. तोवर कोण धरणार?"

सासूबाई उठल्या, पण उठतानाच त्यांना खोकल्याची उबळ आली. सिस्टरनं त्यांना हातानंच बसवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही चला ताई. पुढून उघडणारा गाऊन देते. आत ब्लाऊजची बटणं सोडायची. पोटाला पोट, छातीला छाती. मधे कापड नको."

सासूबाई खोकता खोकता हसायला लागल्या. "हिला सांगताव व्हय बाई? ही आंघोळीला गेली तर दाराला दोन कड्या लावती, वरून बादली टेकवती!"

खोटं नव्हतं ते. मी चारचौघांत तोंड वर करून बोलत नाही. आत गेले तर सात-आठ बाया खुर्च्यांवर मागं रेलून बसलेल्या, प्रत्येकीच्या उघड्या छातीवर मुठीएवढं डोकं. मी खाली मान घालून बसले. सिस्टरनं लेकरू माझ्या अंगावर उभं ठेवलं, पट्ट्यानं बांधलं, वरून चादर टाकली.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा राऊंड आला. गळ्यात नळ्या घातलेली चार-पाच तरुण पोरं. मी चादरीखालून हात घातला, ब्लाऊजचे दोन्ही काठ लेकराच्या नि माझ्या मधे ओढून घेतले आणि दोन बटणं लावली. कुणाला कळलं नाही. ते गेले तरी मी ते तसंच ठेवलं. मला वाटलं, एवढंसं तर कापड, त्यानं काय फरक पडतो.

तासाभरानं सिस्टरनं लेकराच्या तळपायाला हात लावला आणि त्या थांबल्या. "पाय गार कसे?"

मी हळूच म्हणाले, "सासूबाईंनी गोधडी आणलीय घरून. वरून घालू का?"

"गोधडीला स्वतःची ऊब असते का ताई? आतली ऊब ती धरून ठेवते. आत ऊबच नसली तर काय धरील?" असं म्हणत त्यांनी चादर उचलली. "अगं बाई! तुम्ही तर ब्लाऊजला ऊब देताय. लेकरू राहिलं दाराबाहेर!"

बाया हसल्या. शेजारची म्हणाली, "लाजू नको माय, इथं समद्यांचं सारखंच हाय."

मला त्यांचं हसणं लागलं नाही. मी गोधडीपाशीच अडकले होते. माझा पहिला मुलगा माहेरी, सोयगावकडच्या वस्तीवर, घरीच झाला होता. दिवस भरायच्या आधी. आम्ही त्याला एकावर एक तीन गोधड्यांत गुंडाळून माझ्या शेजारी ठेवलं. मी वरून हात लावून बघायचे, गोधडी गरम लागायची. उजाडलं तेव्हा तो गेलेला होता. इतकी वर्षं मला वाटत आलं की अजून एक गोधडी घालायला पाहिजे होती. तो माझ्यापासून हातभर लांब होता, आणि मी गरम अंग घेऊन त्याच्याशेजारी पडून होते.

मी ब्लाऊज काढून सिस्टरच्या हातात दिला.

पाय लगेच गरम झाले नाहीत. आधी पोट कोमट झालं, मग मांड्या, मग किती तरी वेळानं तळवे. मधूनच ती श्वास घ्यायला विसरायची. असं झालं तर पाठीवरून बोट फिरवायचं, असं सिस्टरनं सांगितलं होतं. पण पुष्कळदा मी लांब श्वास सोडला की तीही घ्यायची, जशी काही तिला आठवण झाली. त्या खोलीत एवढी यंत्रं, आणि ती माझ्याकडून ऐकून श्वास घेत होती! माझ्या अंगाला आजवर भाकरी, धुणं आणि खुरपणं एवढीच कामं ठाऊक होती.

रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बसायचे. जाऊ शुद्धीवर आली होती, पण बीपी उतरत नव्हतं. तिचं दूध वाटीत काढून खाली यायचं आणि नळीनं पोरीच्या पोटात जायचं. वजन आधी उतरलं, मग थांबलं, मग चढू लागलं.

अकराव्या दिवशी जावेला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. ओठ पांढरे पडलेले. लेकीला बघून तिनं हात मागंच घेतले.

"अक्का, मला नाय जमायचं. मी पाह्यलंबी नव्हतं हिला. ती तुलाच वळखती आता."

"सात महिने तुझ्यात होती. माझ्याकडं तर आत्ता आली," मी म्हणाले. मीच तिच्या गाऊनच्या गाठी सोडल्या आणि पोरीला तिच्या छातीवर ठेवलं.

पोरगी जरा वेळ निपचित पडली. मग तिनं डोकं हलवलं. तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि इंच इंच घसरत खाली सरकायला लागली. माझ्या अंगावर ती नुसती झोपायची, एकदाही तिनं तोंड उघडलं नव्हतं. सिस्टरनं हातानं खूण केली, कुणी हात लावू नका. आम्ही बघत राहिलो. तिला सापडलं. चार-पाच वेळा तिनं ओढलं आणि दमून तशीच थांबली.

"आलं का काय तिच्या तोंडात?" जावेनं घाबरत विचारलं.

मी वाकून बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

"आलंय," मी मोठ्यानं म्हणाले, "हे बघ."