कस्तुरासाठी झाडलेलं अंगण

पाला म्हणजे कचरा, हे ज्यानं आमच्या गावाच्या डोक्यात भरवलं त्याला मी माफ करणार नाही. स्वतःलाही नाही.

अड्याळच्या अलीकडे आमचं गाव. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर बांबूचं बेट आहे. तीन हिवाळे मी सकाळी तिथं जाऊन बसलो. पहिल्या वर्षी तिथं दिसलेल्या पाखराला मीही साळुंकीच समजलो. तीच पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्याभोवती पिवळं कडं. पण साळुंकी भरल्या बाजारात फिरल्यासारखी ऐटीत चालते. हा लाजरा. दोन उड्या मारायचा, थबकायचा, मान तिरकी करायचा आणि चोचीनं एकेक पान उलटून खालचा किडा उचलायचा. अंग राखी, पोट पांढरं, उडताना पंखात साळुंकीचा पांढरा पट्टा नाही. कस्तूर! हिमालयातून हिवाळ्यापुरता उतरलेला. तो आनंद माझ्या पोटात राहिला नाही, हीच माझी चूक.

"आपल्याकडे हिमालयातला पाहुणा येतो," असं मी ग्रामसभेत सांगून बसलो. सरपंचांनी लगेच पाटी ठरवली, मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला. दिवाळीच्या तोंडावर पाटी लागली, तेव्हा बेटाखालचा सगळा पाला झाडून जाळलेला होता. वर शेणाचा सडा.

"पाला काहून जाळला?" मी ओरडलोच.

"पाहुणा येऊन राहिला ना गुरुजी? मंग आंगण झाडाले नको का?" सरपंच म्हणाले.

घरची रीत त्यांनी पाखराला लावली, आणि पाहुणा म्हणालो होतो मीच. त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही.

कार्तिकात तो आला. टणक जमिनीवर दोन उड्या मारल्या, थबकला, मान तिरकी केली. उलटायला एक पान नव्हतं. समोर पाटीवर माझंच वाक्य: "हा पक्षी पाला उलटून किडे खातो." तो उडाला, पुन्हा दिसला नाही.

गेल्या आठवड्यात सरपंचांनी मला हाताला धरून बोडीवर नेलं. पाटीवर साळुंकी बसली होती.

"पाहा गुरुजी, आला ना तुमचा पाहुणा? उगाच भांडले तुम्ही."

संतापानं पाटी तिथल्या तिथं उपटावीशी वाटली. तिच्या तळाशी, माहिती देणारा म्हणून, माझं नाव आहे.