राखणदाराचं बळ

नितेश परब पाचवीला माझ्या वर्गात होता. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने एक अजस्र प्राणी काढला होता आणि त्याच्या पोटावर लिहिलं होतं, 'सात मुलं खातो.' मी त्याला उभं केलं. "सातच का रे?"

"बाई, आठ खाल्ली तर त्याचं पोट फुटेल," तो घाबरत म्हणाला. "आणि सगळी खाल्ली तर गोष्टच संपेल."

मी वही परत दिली आणि बसायला सांगितलं.

आता तो चौतीस वर्षांचा आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात प्लॅस्टिकच्या डब्यांचे साचे बनवतो आणि माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून बैठ्या घरात राहतो. वडील सहदेव गिरणीत होते, ते आता नाहीत. घरात आई रुक्मिणी, बायको मानसी, आणि पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत त्याचे राक्षस असतात.

हा खेळ मला समजायला वेळ लागला. टेबलाभोवती चार जण बसतात आणि प्रत्येक जण एक पात्र होतो. कोणी तलवारवाला, कोणी ढालवाली. पाचवा सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, वाटेत संकटं आणतो, आणि संकटातून कोण वाचलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येकाला बळ असतं, म्हणजे एक आकडा. फटका बसला की आकडा उतरतो, शून्य झालं की मेला. बाकी लोक पुस्तकातले तयार राक्षस वापरतात. नितेश स्वतःचे घडवतो, आणि सगळे प्रचंड. खाडीतून उठणारा, डोंगर खांद्यावर घेतलेला, असले.

प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा. समोर पेन्सिलीने नाव, उंची, बळ, फटका. पाठीमागे एकच ओळ, तिला तो 'मागचा दरवाजा' म्हणतो. न मारता त्या राक्षसापासून सुटायचं कसं, ते तिथे लिहिलेलं असतं. खेळणाऱ्यांना ते शोधावं लागतं.

"नुसतं ठोकायचंच असेल तर मी भिंत उभी करीन की, बाई," तो म्हणतो.

त्याचा आणखी एक नियम. बरेच सूत्रधार आडोशामागे फासे टाकतात आणि गरज पडली तर आकडा बदलून सांगतात. नितेश सगळ्यांसमोर टाकतो. साच्यात एक सूत चुकलं तर हजार डबे चुकतात, ही त्याच्या हाताला लागलेली सवय.

राक्षसाचा तोल साधण्यासाठी तो माझ्याकडे यायचा. खेळ सुरू होण्याआधी सरासरी काढून पाहायची: किती फेऱ्यांत राक्षस पडेल, तोवर किती माणसं पडतील. एक पडावा आणि तिघं थरथरत उरावेत, म्हणजे राक्षस जमला, असं त्याचं माप. निवृत्तीनंतर एवढ्या मन लावून माझ्याकडून कोणी गणितं सोडवून घेतली नव्हती.

फेब्रुवारीत एका गुरुवारी संध्याकाळी तो आला, पण खुर्चीवर बसला नाही. "बाई, घरी येता? एक हिशेब आहे. इथे नको."

त्याच्या घरी मानसी आतल्या खोलीत डाव्या कुशीवर आडवी होती. आठवा महिना. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. एक दिवस हालचाल थांबली आणि हे लोक उद्या बघू म्हणत राहिले. म्हणून या वेळी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: रोज जेवणानंतर आडवं व्हायचं, बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर काही विचारत बसायचं नाही, सरळ निघून यायचं. कॅलेंडरच्या पाठीमागे मानसीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी.

नितेशने टेबलावर नवा राक्षस ठेवला. तारेवर लगदा चढवून केलेला, वीतभर उंच. खांद्यावर घोंगडी, हातात दंडा, पायात खऱ्या चामड्याच्या चिमुकल्या वहाणा. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: राखणदार. उंची सोळा फूट तीन इंच. बळ एकशे ऐंशी.

"तीन इंच कुठून आले?" मी विचारलं.

त्याने आवाज खाली आणला. डिसेंबरात ते गावी गेले होते, नवस बोलायला. गावचा राखणदार रोज सीमेवरून फेरी घालतो, अशी तिकडची समजूत. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून देवळात मोठाल्या नव्या वहाणा ठेवायच्या. रुक्मिणीबाई मूल सुखरूप येऊ दे, जोडी वाहीन, असं गाऱ्हाणं घालत होत्या, आणि यांचे चिरंजीव मागे उकिडवे बसून खिशातल्या टेपने वहाणेची लांबी घेत होते. तीस इंच. पावलाच्या साडेसहा पट माणूस. सोळा फूट तीन इंच.

"तेव्हा नुसती गंमत वाटली, बाई. घरी येऊन बनवून टाकला. मित्रांना फोटो पाठवला. हर्षद कॅनडाला चाललाय नोकरीला, रविवारचा त्याचा शेवटचा डाव. तो म्हणाला, झकास, याला मारूनच जाणार." नितेशने मूर्ती माझ्याकडे सरकवली. "हा मरेल का, तेवढं सांगा."

मी कागद घेतला. चौघांचे फटके, वीसपैकी बारा वेळा लागणारे, सरासरी चौदा. "सहाव्या फेरीत पडतो."

"आणि बळ तीनशे केलं तर?"

"तर नऊ फेऱ्या लागतील. तोवर दोघं पडतील, मग उरलेल्यांचे फटके पुरणार नाहीत. चौघेही मरतात."

तो खाली बसला. "म्हणजे खरा खेळलो तर हा मरणार. हा वाचवायचा तर हर्षदचा शेवटचा डाव मुद्दाम घालवायचा. आणि फासा लपवून टाकला तर..." तो मानसीच्या खोलीकडे पाहत होता.

"रद्द कर."

"काय सांगू त्यांना? माझ्या पुठ्ठ्यावरचा आकडा शून्य झाला तर माझ्या मुलाला काहीतरी होईल, असं सांगू? मी मानत नाही हो हे. पण परवापासून हाताला घाम येतोय."

मी पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्याच्या कुठल्याही राक्षसाची मी कोरी बाजू पाहिली नव्हती.

"याला मागचा दरवाजा काय देणार?" तो म्हणाला. "त्याला काय हवं असतं ते कुणाला माहीत?"

रुक्मिणीबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप टेबलावर टेकला नाही, हवेतच राहिला. त्यांनी घोंगडी पाहिली, दंडा पाहिला, मग पाय.

"ह्यो कोण रे?"

नितेशला लपवणं जमत नाही. त्याने सगळं सांगितलं, टेपसकट.

"देवाच्या वहाणांक टेप लावलंस?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आणि आता चार जण मिळान त्येका मारतले? माझ्या घरात? बाईनू, तुमीच सांगा हेका."

"खेळ आहे गं, आये."

"मगे तुझो हात कित्याक थरथरता?"

रुक्मिणीबाई वळल्या, दारात थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्येका काय व्हया तां माका इचारूचा होता. वहाणा."

नितेशने पेन्सिल घेतली आणि मागच्या बाजूला एक शब्द लिहिला. मग ब्लेडने त्या चिमुकल्या उजव्या वहाणेला भोक पाडलं.

रविवारी मी दोन वाजताच गेले. मला माझ्या घरी एकटीने घाबरायचं नव्हतं म्हणा, किंवा त्यांना एकटं घाबरू द्यायचं नव्हतं. मानसीने सव्वादोनला मोजायला सुरुवात केली. मधलं दार उघडं ठेवलं होतं आणि रुक्मिणीबाई उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसल्या होत्या, टेबलाकडे पाठ करून.

अडीचला हर्षद, रेवती, नंदकिशोर आणि चौथा एक मुलगा टेबलाभोवती बसले. खेळात सुरुवातीला वाटेत एका म्हाताऱ्या चांभाराची झोपडी आली. "त्याची यंदाची जोडी नेऊन द्यायची राहिली," नितेश म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाला. "नेता का?"

"एवढी चप्पल? घालणार कोण, तुझा बाप?" हर्षद म्हणाला.

"मी हमाली करणार नाही हं," रेवती म्हणाली. ती घाटकोपरहून येते, ढालवाली तीच. "चला पुढे."

नितेशला त्यांना सुचवायची परवानगी नव्हती, स्वतःचीच.

तीन वाजता राखणदार आला. पहिल्या फेरीत एकेचाळीस उतरले. माझ्या सरासरीपेक्षा जास्त. "तो दंडा उचलतो, उजवा पाय ओढत पुढे येतो," नितेश सांगत होता. "तो एक पाऊल टाकतो, दुसरं फरफटतं." चौघेही जोरात होते, ऐकत कोण होतं! चौथ्या फेरीत नंदकिशोरचं पात्र पडलं. तो हात वर करून मागे सरकला आणि वेफर्स खाऊ लागला. चौथं पात्र गुडघ्यावर आलं होतं. नितेश प्रत्येक फटक्यानंतर पुठ्ठ्यावरचा आकडा खोडून नवा लिहीत होता, आणि दर वेळी आतल्या खोलीकडे एकदा बघत होता.

"किती गं?" मी दारातून विचारलं.

"पाच," मानसी म्हणाली. पावणेचार वाजले होते.

पाचवी फेरी संपली तेव्हा पुठ्ठ्यावर नऊ उरले. पाळी हर्षदची. त्याचा कुठलाही फटका नवाच्या खाली जात नाही, हे मला माहीत होतं. त्याने फासा मुठीत घेतला, फुंकर मारली, नेम धरल्यासारखं त्या मूर्तीकडे पाहिलं आणि थांबला.

"नित्या, हा लंगडतोय का रे?"

"लंगडतोय."

"पहिल्यापासून?"

"मी चार वेळा सांगितलं."

हर्षदने मूर्ती उचलून उजव्या वहाणेचं भोक पाहिलं. "अरे यार. तो म्हातारा! ती जोडी! वाट लागली, मागेच सोडून आलो." मग रेवतीकडे वळला. "तुझी ढाल कशाची आहे?"

"चामड्याची. ए, नाही हं! माझी ढाल नाही."

"दे ना. वहाणेला तळ कापतो."

"ढाल दिली तर तो मला एका फटक्यात झोपवेल. वीस उरलेत माझे."

"मारलं तर जिंकू, पण मला हा मारावासा नाही वाटत. दे ना गं, चाललोय मी परवा."

रेवतीने त्याला एक शिवी हासडली, आणि दिली.

ढाल तिने धरायची, हर्षदने कापायची; त्याला एक फेरी लागणार होती, आणि मधे राखणदाराचा एक फटका. तिच्यावरच. ढालीशिवाय तो वीसपैकी सतरा वेळा लागतो आणि सरासरी चोवीसचा बसतो. ती पडली असती तर काम अर्धवट राहिलं असतं आणि पुढच्या पाळीला नंदकिशोरच ओरडला असता, मार त्याला. हे गणित मला नको असताना सुटत गेलं. नितेशने फासा टाकला, सगळ्यांसमोर. अकरा. लागला. मग फटक्याचे चार फासे. तो ते मोजेना, नुसता बघत राहिला. शेवटी मीच मोजले.

"अठरा."

"दोन उरले माझे," रेवती म्हणाली. तिचा आवाज खरंच बारीक झाला होता.

राखणदाराने पाय पुढे केला. हर्षदने वहाणेला नवा तळ बांधला. तो प्रचंड देह वळला आणि सीमेवरून आपल्या फेरीला निघून गेला, असं नितेशने सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आतून मानसीने विचारलं, "बाई, किती वाजले?"

सव्वाचार. "किती झाल्या गं?"

"सहाच."

नितेश खुर्ची पाडून उठला. चौथा मुलगा न सांगता रिक्षा आणायला धावला. मानसीच्या पायात चपला मी घातल्या, तिला वाकता येत नव्हतं. तिचे पाय थंड होते. रिक्षा दाराशी आली तेव्हा रुक्मिणीबाई टेबलापाशी उभ्या होत्या.

"नितेशा. त्येचा किती रवला?"

"आये, चल!"

"किती?"

"नऊ."

"आधी भर."

वाद घालायला वेळ नव्हता आणि त्याला घालायचाही नव्हता. तो वाकला, नऊ खोडले, एकशे ऐंशी लिहिले. घाईत शून्य बंद झालं नाही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्याने ते शून्य जुळवलं आणि ते निघाले.

मी आणि चौघं मागे राहिलो. वेफर्सची पुडी तशीच उघडी होती. हर्षदचा हात सारखा घड्याळाकडे जात होता. सव्वापाचला नितेशचा फोन आला. ठोके नीट लागले होते, बाळ झोपलेलं असावं असं डॉक्टर म्हणाले, तरी दोन दिवस ठेवून घेतलं होतं.

मूर्ती सरळ उभी करत हर्षद म्हणाला, "बाई, तुमच्या हिशेबाने तो सहाव्या फेरीत मरणार होता ना?"

"हो."

"चुकलात."

"चुकले," मी म्हटलं. इतक्या आनंदाने मी हा शब्द कधी म्हटला नव्हता.

मंगळवारी मानसी घरी आली. अजून पाच आठवडे आहेत. ती रोज सव्वादोनला आडवी होते, आणि त्या दोन तासांत त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. नवस खरं तर मूल झाल्यावर फेडायचा, पण रुक्मिणीबाई थांबायला तयार नाहीत. परवा मी गेले तेव्हा त्या गावच्या चांभाराला फोन लावून बसल्या होत्या. तो माप विचारत होता. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि आत हाक मारली.

"नितेशा, तुझो तो पुठ्ठो घेवन ये. किती इंच म्हणालं होतंस?"